खाल्ल्या मिठाला जागणारं शरीर : बीपी आणि मिठाचा हिशोब नेमकं कोण ठेवतं?

मे महिना. फुलंब्री. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोड-जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. पारा चाळिशीच्या वर गेलाय आणि शिवारात अद्रकाच्या लागवडीची गडबड सुरू आहे. बेडवर वाकून बेणं लावणाऱ्या बाईचा पदर दुपारच्या आत घामानं भिजतो, उन्हानं वाळतो आणि त्यावर मिठाचे पांढरे डाग उमटतात.

त्याच दिवशी गावातल्या एखाद्या गच्चीवर वाळवण घातलेलं असतं. पापड, कुरडया, खारोड्या. त्या घरातले पन्नाशीचे काका दुकानात पंख्याखाली बसून असतात. दुपारच्या जेवणात ठेचा, लोणचं आणि भाजलेला पापड. संध्याकाळी चहासोबत शेव-चिवडा. खिशात बीपीच्या गोळ्यांची स्ट्रिप.

एकीच्या अंगातून मीठ चाललंय, दुसऱ्याच्या अंगात साठतंय. पण दोघांच्या शरीरात मिठाचा हिशोब ठेवणारे हार्मोन्स तेच आहेत. शेतातल्या बाईला ते दिवसभर उभं ठेवतात. दुकानातल्या काकांचा बीपी वाढवण्यात त्यांचाच हात असू शकतो. आणि काकांच्या स्ट्रिपवर 'टेल्मिसार्टन' लिहिलेलं असेल, तर ती गोळी याच हार्मोन्सना आवर घालायला दिलेली आहे.

हे हार्मोन्स कोणते, ते काम कसं करतात, कधी बिघडतात आणि गोळी चालू असणाऱ्या माणसानं उन्हाळ्यात कशाची काळजी घ्यायची, हे सगळं सोप्या भाषेत समजून घेऊ.

थोडक्यात सांगायचं तर

- शरीरात मीठ अडकलं की पाणी अडकतं, पाणी अडकलं की रक्ताचं प्रमाण वाढतं आणि बीपी वाढतो.
- किती मीठ ठेवायचं आणि किती सोडायचं हे किडनी ठरवते. तिला आदेश देतात रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन, व्हॅसोप्रेसिन आणि हृदयातून निघणारं एएनपी.
- बीपीच्या अनेक गोळ्या या आदेशांची साखळी मध्येच तोडतात.
- या गोळ्या, अंगातलं पाणी कमी होणं आणि वरून दुखण्याची गोळी, हे तिन्ही एकत्र आलं तर किडनीला धोका असतो.

आधी बीपी म्हणजे काय ते बघू

ज्याच्या शेतात ठिबक आहे त्याला बीपी लवकर कळतो. नळीतला दाब तीन गोष्टींवर ठरतो. मोटर किती जोरात ढकलते, नळी किती रुंद आहे आणि नळीत पाणी किती आहे. शरीरात मोटर म्हणजे हृदय, नळी म्हणजे रक्तवाहिनी आणि पाणी म्हणजे रक्त. मोटरचा जोर वाढला, नळी आवळली किंवा पाणी वाढलं, तर दाब वाढणार.

बीपीचे दोन आकडे असतात. १२०/८० मधला वरचा आकडा हृदय आकुंचन पावतानाचा दाब सांगतो आणि खालचा हृदय सैल पडतानाचा. वेगवेगळ्या वेळी मोजून तो १४०/९० किंवा त्याहून जास्त येत राहिला, तर आपल्याकडे त्याला उच्च रक्तदाब म्हणतात.

आता यात मीठ कुठून आलं? सलाईनची बाटली आठवा. साध्या सलाईनमध्ये १ लिटर पाण्यात ९ ग्रॅम मीठ असतं. रक्तातल्या पाण्याचा खारटपणा साधारण तेवढाच असतो आणि शरीर तो बदलू देत नाही. त्यामुळे ९ ग्रॅम जास्तीचं मीठ अंगात अडकलं, तर तो खारटपणा कायम ठेवायला शरीर त्याच्यासोबत जवळपास १ लिटर पाणीही धरून ठेवतं. खारट खाल्ल्यावर तहान लागते ती यामुळेच. हे पाणी रक्तात आणि पेशींच्या भोवती साठतं. नळीत पाणी वाढलं, दाब वाढला.

किडनी : दिवसाला दीड किलो मिठाचा व्यवहार

आपल्या दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. एवढं रक्त अंगात नसतंच, तेच रक्त दिवसभरात पुन्हा पुन्हा गाळलं जातं. या १८० लिटरमध्ये जवळपास दीड किलो मीठ असतं. किडनी त्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त मीठ परत रक्तात घेते आणि उरलेलं काही ग्रॅम लघवीवाटे सोडते.

सगळा खेळ या उरलेल्या थोड्याशा मिठाचा आहे. बहुतेक मीठ किडनीच्या नळ्यांच्या सुरुवातीच्या भागातच परत घेतलं जातं. शेवटच्या टप्प्यावर जे २-३ टक्के उरतं, त्याचं काय करायचं हे हार्मोन्स ठरवतात. दीड किलोच्या व्यवहारात २ टक्के म्हणजे ३० ग्रॅम. म्हणजे सहा चमचे मीठ. बीपी वर न्यायला किंवा खाली आणायला एवढं भरपूर झालं.

पहिली घंटा : रेनिन

शेतातल्या बाईकडे परत येऊ. दोन तास घाम गेलाय, पाणी कमी प्यायलंय. अंगातलं मीठ आणि पाणी दोन्ही घटलंय.

किडनीत रक्त आणणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या भिंतीत काही खास पेशी असतात. त्या तीन गोष्टींवर नजर ठेवून असतात. वाहिनीतला दाब कमी झालाय का, पुढच्या नळीत पोचणारं मीठ कमी झालंय का आणि मज्जासंस्थेकडून धोक्याचा इशारा आलाय का. यातलं काहीही झालं की या पेशी रेनिन सोडतात.

रेनिन स्वतः बीपी वाढवत नाही. खरं तर ते हार्मोन कमी आणि कात्री जास्त आहे. लिव्हर अँजिओटेन्सिनोजेन नावाचं एक लांबलचक प्रथिन बनवून रक्तात सोडत असतं. रेनिन त्याचा एक तुकडा कापतं, त्याला अँजिओटेन्सिन-१ म्हणतात. हा तुकडाही तसा निरुपद्रवी असतो. रक्त फुप्फुसांतून जाताना तिथल्या वाहिन्यांच्या अस्तरावर एसीई नावाची दुसरी कात्री असते. ती त्याचं एक टोक आणखी छाटते आणि तयार होतं अँजिओटेन्सिन-२.

म्हणजे घंटा वाजवली किडनीनं, कच्चा माल दिला लिव्हरनं आणि शेवटचा हात फिरवला फुप्फुसांनी.

खरा कारभारी : अँजिओटेन्सिन-२

हे छोटंसं रसायन एकाच वेळी पाच कामं करतं.

१. रक्तवाहिन्या आवळतं. परिणाम लगेच, बीपी सावरतो.
२. किडनीला मीठ परत घ्यायला लावतं.
३. अ‍ॅड्रिनल ग्रंथींना अल्डोस्टेरॉन सोडायला सांगतं. या ग्रंथी दोन्ही किडन्यांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात.
४. मेंदूत तहान जागी करतं.
५. मेंदूतून व्हॅसोप्रेसिन सोडायला लावतं, म्हणजे लघवीवाटे पाणी कमी जातं.

नळी आवळली, मीठ धरलं, पाणी धरलं आणि वरून प्यायची इच्छाही दिली. बाई बेडवरून उठते, झाडाखालच्या घागरीकडे जाते, तांब्याभर पाणी पिते. आपल्याला तहान लागली एवढंच तिला कळतं. आत केवढी धावपळ झाली हे तिच्या गावीही नसतं.

अल्डोस्टेरॉन : मिठाला जागणारं हार्मोन

अल्डोस्टेरॉनला परिणाम दाखवायला तासाभराचा वेळ लागतो, पण त्याचा असर टिकाऊ असतो. किडनीच्या शेवटच्या टप्प्यावर ते मिठातलं सोडियम परत आत ओढतं आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडतं. हा अदलाबदलीचा सौदा लक्षात ठेवा. पुढे गोळ्यांच्या आणि 'लो सोडियम' मिठाच्या वेळी तो पुन्हा येणार आहे.

अल्डोस्टेरॉन फक्त किडनीत काम करत नाही, घामाच्या ग्रंथींवरही करतं. उन्हाची सवय नसलेल्या माणसानं अचानक तापत्या उन्हात कष्टाचं काम केलं, तर पहिल्या काही दिवसांत घामावाटे दिवसाला १५ ते ३० ग्रॅमपर्यंत मीठ जाऊ शकतं. ४ ते ६ आठवडे तेच काम चालू राहिलं की हे प्रमाण ३ ते ५ ग्रॅमवर येतं, असं वैद्यकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दिलेलं असतं. घाम तेवढाच येतो, कधी कधी जास्तच, पण त्यात मीठ कमी असतं. अल्डोस्टेरॉननं घामातलं मीठही परत ओढायला सुरुवात केलेली असते.

'अंगाला उन्हाची सवय झाली' असं आपण म्हणतो, त्यामागचं एक मोठं कारण हे आहे. शहरातून सुट्टीला आलेला भाचा मे महिन्यात शेतात दोन तासांत गळून जातो आणि साठीची आजी दिवसभर राबते, त्यातही या हार्मोनचा वाटा असतो.

व्हॅसोप्रेसिन आणि एएनपी : एक पाण्याचा राखणदार, दुसरा वाट मोकळी करणारा

व्हॅसोप्रेसिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात येतं. रक्त जरा जास्त खारट झालं की ते वाढतं आणि किडनीला पाणी अडवायला सांगतं. उन्हात लघवी कमी आणि गडद पिवळी होते ती यामुळे. अल्डोस्टेरॉन मीठ सांभाळतं, व्हॅसोप्रेसिन पाणी सांभाळतं.

पण सगळेच साठवणारे असतील तर रिकामं कोण करणार? ते काम हृदय करतं. रक्त जास्त झालं की हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि एएनपी नावाचं हार्मोन सोडतात. ते किडनीला मीठ सोडून द्यायला सांगतं, वाहिन्या सैल करतं आणि रेनिन-अल्डोस्टेरॉनला दाबतं. कॅनडातल्या अडोल्फो दि बोल्ड यांनी १९८१ मध्ये उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांची लघवी आणि त्यातलं मीठ एकदम वाढलं. नुसता पंप समजलं जाणारं हृदय हार्मोनही बनवतं, हे तेव्हा कळलं.

हे कळायला शंभर वर्षं का लागली?

१८९८ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये रॉबर्ट टायगरस्टेट आणि त्यांचा विद्यार्थी पेर बर्गमन यांनी सशाच्या किडनीचा अर्क काढून दुसऱ्या सशाला टोचला. त्याचा बीपी वाढला. अर्काला त्यांनी नाव दिलं रेनिन. पण पुढची तीसेक वर्षं त्याकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

१९३४ मध्ये अमेरिकेत हॅरी गोल्डब्लाट यांनी कुत्र्यांच्या किडनीच्या रक्तवाहिनीला छोटा चिमटा लावला. किडनीकडे रक्त कमी गेलं आणि सगळ्या शरीराचा बीपी वाढला. किडनीला वाटलं रक्त कमी आहे, तिनं घंटा वाजवली. त्यानंतर अर्जेंटिना आणि अमेरिका अशा दोन ठिकाणच्या गटांनी वेगवेगळं काम करून एकच रसायन शोधलं. एकानं नाव दिलं हायपरटेन्सिन, दुसऱ्यानं अँजिओटोनिन. शेवटी तडजोड झाली आणि दोन्ही नावं जोडून झालं अँजिओटेन्सिन. १९५३ मध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट या जोडीनं अल्डोस्टेरॉन वेगळं काढलं.

औषधाचा रस्ता मात्र सापानं दाखवला. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आहे. तो चावला की बीपी झपकन उतरतो. सर्जिओ फेरेरा या ब्राझिलियन शास्त्रज्ञानं १९६५ मध्ये त्या विषातला एक घटक वेगळा दाखवला. पुढे कळलं की असे घटक एसीई ही कात्री बोथट करतात. त्या धाग्यावरून डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी कॅप्टोप्रिल ही गोळी तयार केली. १९८१ मध्ये अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली. आज मेडिकलवर मिळणाऱ्या रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या तिच्याच घराण्यातल्या.

मग घोडं अडतं कुठे?

ही यंत्रणा मीठ वाचवण्यात तरबेज आहे. जास्तीचं मीठ बाहेर काढण्यात ती तितकी चपळ नाही. माणसाचा मोठा काळ असा गेला की मीठ सहज मिळत नव्हतं, त्यामुळे शरीर साठवायला शिकलं, असं अनेक संशोधक मानतात.

याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक. ते वरून मीठ घालतच नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात ३२ देशांतल्या ५२ ठिकाणच्या लोकांचं मीठ आणि बीपी तपासला गेला. त्यात यानोमामींचा सरासरी बीपी १००/६५ च्याही खाली होता आणि वयाबरोबर तो वाढत नव्हता. त्यांच्या रक्तात रेनिन आणि अल्डोस्टेरॉन भरपूर असल्याचं आधीच दिसलं होतं. हे हार्मोन्स जास्त असूनही बीपी कमी, कारण धरून ठेवायला मीठच नव्हतं. अर्थात ते लोक सडपातळ आणि दिवसभर हालचाल करणारेही असतात, त्यामुळे सगळं श्रेय मिठालाच देता येत नाही.

आता आपल्याकडे बघा. जागतिक आरोग्य संघटना सांगते, दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. आयसीएमआरच्या राष्ट्रीय सर्वेक्षणावर आधारलेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भारतीय माणूस दिवसाला सरासरी ८ ग्रॅम मीठ खातो. पुरुष ८.९ ग्रॅम, महिला ७.१ ग्रॅम. त्याच वर्षी आलेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासात देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचं दिसलं.

दुकानातल्या काकांच्या अंगात मीठ भरपूर आहे. नियमानं त्यांचं रेनिन गप्प बसायला हवं आणि बऱ्याच लोकांमध्ये ते बसतंही. पण बीपीच्या अनेक पेशंटमध्ये ते पुरतं गप्प बसत नाही. मीठ असतानाही शरीर साठवत राहतं. पोटाचा घेर, वय, घराण्यातली प्रवृत्ती, किडनीचा जुना आजार, या सगळ्याचा त्यात हात असतो. खाल्ल्या मिठाला जागावं तर एवढं जागतं की सोडायलाच तयार नाही.

हार्मोनच बिघडलं तर?

बहुतेकांच्या बीपीला एकच एक कारण सापडत नाही. पण काही लोकांमध्ये ते सापडतं आणि सापडलं तर उपचाराची दिशाच बदलते.

१९५४ मध्ये मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन यांच्याकडे ३४ वर्षांची एक महिला आली. बीपी जास्त, अंगात पेटके, स्नायूंत अशक्तपणा आणि रक्तात पोटॅशियम कमी. पोटॅशियमचा तो सौदा आठवला ना? अल्डोस्टेरॉन सोडियम आत घेतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. कॉन यांनी ओळखलं की तिची अ‍ॅड्रिनल ग्रंथी आदेशाशिवाय अल्डोस्टेरॉन बनवतेय. ऑपरेशनमध्ये तिथे गाठ निघाली आणि गाठ काढल्यावर ती बरी झाली. या आजाराला पुढे कॉन सिंड्रोम म्हणू लागले.

हा आजार दुर्मिळ आहे असं बरीच वर्षं मानलं जायचं. आता बीपीच्या पेशंटपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांमध्ये तो असावा असं मानतात. तपासणीच होत नाही, म्हणून सापडत नाही. पुढच्या गोष्टी असतील तर डॉक्टरांना 'अल्डोस्टेरॉन-रेनिनची टेस्ट करायची का?' असं जरूर विचारा.

- चाळिशीच्या आतच बीपी वाढलाय.
- तीन वेगवेगळ्या गोळ्या नियमित घेऊनही बीपी आटोक्यात नाही.
- रक्तात पोटॅशियम कमी निघालंय.
- सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये अ‍ॅड्रिनलची गाठ दिसलीय.
- घरात कुणाला कमी वयात लकवा मारलाय.

तरुण मुलींमध्ये बीपी खूप वाढलेला दिसला तर किडनीची रक्तवाहिनी अरुंद झाली आहे का हेही बघतात. ताकायासू नावाच्या आजारात असं होतं आणि भारतात तो त्यामानानं जास्त आढळतो. गोल्डब्लाट यांचा चिमटाच जणू, फक्त आजारानं लावलेला.

उलटंही होतं. अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी झाल्या तर अल्डोस्टेरॉन मिळत नाही, मीठ वाहून जातं, बीपी पडतो, उभं राहिलं की चक्कर येते, त्वचा काळवंडते आणि खारट खाण्याची ओढ लागते. याला अ‍ॅडिसनचा आजार म्हणतात. आपल्याकडे त्यामागे टीबी हे एक कारण असू शकतं.

एक घरगुती गोष्टही सांगायला हवी. खोकल्यावर ज्येष्ठमध चघळणं आपल्याकडे जुनं आहे. चार दिवस चघळल्यानं काही होत नाही. पण रोज, आठवडेच्या आठवडे आणि जास्त प्रमाणात घेतलं, तर त्यातला एक घटक कॉर्टिसोल या हार्मोनला अल्डोस्टेरॉनची जागा घेऊ देतो. बीपी वाढतो आणि पोटॅशियम कमी होतं. बीपी असणाऱ्यांनी काढा-चूर्णात ते रोज घेत असल्यास डॉक्टरांना सांगावं.

स्ट्रिप उलटी करा, नाव वाचा

बीपीच्या गोळीवर ब्रँडचं नाव मोठं आणि औषधाचं नाव बारीक अक्षरांत असतं. ते बारीक नाव वाचा.

- शेवटी 'प्रिल' (रॅमिप्रिल, एनालाप्रिल) : एसीई ही कात्री बंद करतात. काहींना यानं कोरडा खोकला येतो. तसं असेल तर गोळी बदलून मिळते.
- शेवटी 'सार्टन' (टेल्मिसार्टन, लोसार्टन) : अँजिओटेन्सिन-२ बनतं, पण त्याला पेशीच्या दारातच अडवतात.
- स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन : अल्डोस्टेरॉनला अडवतात.
- क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड : किडनीवाटे मीठ आणि पाणी बाहेर काढतात.
- अम्लोडिपिन : हार्मोनला हात लावत नाही, थेट रक्तवाहिनी सैल करते.

यातली काही औषधं सरकारी दवाखान्यातही मिळतात. २०१७ मध्ये केंद्र आणि राज्य सरकारं, आयसीएमआर आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ५ राज्यांतल्या २५ जिल्ह्यांत बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे होते. कल्पना साधी होती. मोजकी, ठरलेली औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम आणि पेशंट पुन्हा आला का याची नोंद. पुढे हा कार्यक्रम इतर जिल्ह्यांत वाढवला गेला.

उन्हाळा, गोळी आणि अंगदुखी

आता सगळ्यात कामाचं. समजा, शेतातल्या त्या बाईलाच बीपी आहे आणि टेल्मिसार्टन चालू आहे. दिवसभर घाम गेला, संध्याकाळी कंबर धरली. मेडिकलवरून तिनं डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी आणली. त्यात दुसऱ्या दिवशी जुलाब लागले.

किडनीच्या गाळणीला दोन व्हॉल्व्ह आहेत असं समजा. एक रक्त आत येणारा, एक बाहेर जाणारा. अंगातलं पाणी कमी झालं की अँजिओटेन्सिन-२ बाहेरचा व्हॉल्व्ह आवळून गाळणीतला दाब टिकवतं. टेल्मिसार्टननं ते थांबवलंय. आतला व्हॉल्व्ह उघडा ठेवणारं रसायन दुखण्याच्या गोळीनं बंद केलंय. आणि मुळात पाणीच कमी आहे. गाळणीतला दाब पडतो आणि किडनी काम करेनाशी होऊ शकते. मीठ-पाणी काढणारी गोळीही सोबत असेल तर धोका आणखी वाढतो.

म्हणून एवढं पाळा.

- बीपीची गोळी चालू असताना दुखण्याची गोळी मनानं घेऊ नका. आधी विचारा.
- उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणं-पिणं जात नसेल, लघवी फार कमी झाली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा किंवा फोन करा. काही गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवाव्या लागू शकतात. कोणत्या आणि किती दिवस, हे त्यांना ठरवू द्या.
- जुलाबात ओआरएस घ्यायचंच. 'बीपी आहे, मग मीठ कसं घेऊ' म्हणून थांबू नका. बरं असताना मात्र दिवसभर खारट सरबत पीत राहायची गरज नाही.
- दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर 'प्रिल' आणि 'सार्टन' गोळ्यांबद्दल लगेच डॉक्टरांशी बोला. पोटातल्या बाळाला त्या घातक ठरू शकतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सैंधव किंवा काळं मीठ खाल्लं तर चालतं का?
त्यातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. चव वेगळी, हिशोब तोच. चमचा तोच धरा.

'लो सोडियम' मीठ घ्यावं का?
त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. चीनमधल्या ६०० गावांत जवळपास २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात (२०२१) अशा मिठानं लकव्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी झालं. पण 'प्रिल', 'सार्टन' आणि स्पायरोनोलॅक्टोन या गोळ्या अल्डोस्टेरॉनचं काम कमी करतात, त्यामुळे पोटॅशियम अंगात साठू शकतं आणि जास्त पोटॅशियमनं हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे या गोळ्या चालू असतील किंवा किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नका. किडनीचा त्रास असणाऱ्यांनी रोजच्या नारळपाण्याबद्दलही विचारावं.

मीठ कमी केलं की गोळी बंद होईल का?
मीठ कमी केल्यानं बीपी थोडा उतरतो आणि गोळीही चांगली लागू पडते. पण बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नका. तो नॉर्मल आलाय तो बहुतेक वेळा गोळीमुळेच.

वरून मीठ घेत नाही, मग कुठून जातं?
पापडात मीठ आणि पापडखार, लोणच्यात मीठ, वेफर्स, शेव, बिस्किटं, ब्रेड, सॉस. खाण्याच्या सोड्यातही सोडियम असतं. ताटाच्या कडेला वाढलेली चिमूट तेवढी दिसते, बाकीचं दिसत नाही.

कष्टाचं काम करणाऱ्यांनीही मीठ तोडायचं का?
दिवसभर उन्हात घाम गाळणाऱ्याचा आणि पंख्याखाली बसणाऱ्याचा हिशोब एक नसतो. कष्टाचं काम करणाऱ्यांनी एकदम मीठ बंद करू नये. बीपी असेल तर किती कमी करायचं हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

बीपी कुठे तपासायचा?
जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी मोफत होते. फुलंब्री परिसरातल्या लोकांना पुढच्या तपासण्यांसाठी संभाजीनगरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली घाटी, आहेच. बीपी वाढला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे डोकं दुखायची वाट बघू नका. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा तरी मोजा. आणि घरात कुणाची गोळी चालू असेल तर आज संध्याकाळी ती स्ट्रिप हातात घेऊन बारीक अक्षरांतलं नाव वाचा.

(हा लेख माहितीसाठी आहे. गोळी सुरू करणं, बदलणं किंवा बंद करणं हे डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करा.)